चादरीमागचे हात आणि आजारपणाचा विमा : सोलापूरच्या नवी पेठेच्या संदर्भात आरोग्य विमा कायद्यांचा ऐतिहासिक अभ्यास (१९२९ ते २०२५)

प्रस्तावना

सोलापूर शहराच्या मध्यभागी वसलेली नवी पेठ ही कापडाची आणि तयार कपड्यांची बाजारपेठ आहे. येथील एखाद्या दुकानात गिऱ्हाइकापुढे उलगडून दाखवली जाणारी सोलापुरी चादर अनेकांच्या हातांखालून आलेली असते. पूर्व भागातील एखाद्या घरात कोणी स्त्रीने कांड्या भरलेल्या असतात, यंत्रमागाच्या कारखान्यात कोणी विणकर दिवसभर उभा राहिलेला असतो, कोणी गठ्ठे बांधून ते वाहून आणलेले असतात आणि शेवटी दुकानातील नोकर तिची घडी मोडतो. वस्तू एकच, पण तिच्याशी संबंधित असलेल्या या माणसांपैकी कोणी आजारी पडले तर कायदा त्यांच्याकडे एकाच दृष्टीने पाहत नाही. विणकराच्या कारखान्यात दहा माणसे असतील तर तो विमाधारक कामगार ठरतो, नऊ असतील तर ठरत नाही. कांड्या भरणारी स्त्री कोणाची कामगार, हेच बहुधा निश्चित नसते. दुकानातील नोकराची स्थिती दुकानाच्या हजेरीपटावर अवलंबून असते.

आरोग्य विम्याचा कायदा अधिकाधिक लोकांपर्यंत पोहोचला, असे विधान सर्वसाधारणपणे केले जाते व ते खोटे नाही. परंतु तो कोणत्या मार्गाने पोहोचला, आणि पोहोचताना त्याचे स्वरूप तेच राहिले काय, हा प्रश्न कमी विचारला जातो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न सोलापूरच्या अनुषंगाने तपासला आहे. १९४८ च्या कायद्याने थोड्यांना हक्क दिला, तर २०१२ नंतरच्या योजनांनी पुष्कळांना लाभ दिला. या दोहोंतील अंतर केवळ शब्दांचे नाही, हे येथे दाखवावयाचे आहे.

१९४८ पूर्वीची पार्श्वभूमी

जर्मनीमध्ये बिस्मार्कच्या काळात १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला, तर ब्रिटनमध्ये १९११ साली राष्ट्रीय विम्याचा. त्याच सुमारास सोलापुरात गिरण्या उभ्या राहत होत्या. १८७७ मध्ये स्थापन झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेली 'जुनी गिरणी', आणि तिच्यामागोमाग आलेल्या नरसिंग गिरजी, लक्ष्मी व विष्णू या गिरण्या यांनी शहराचे रूप पालटले. तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांची वस्ती वाढली आणि मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारा कामगार एकाच खात्यात काम करू लागला. या कामगाराचे आजारपण मात्र त्याचे खाजगी दुर्दैव मानले जात होते. खाडा पडला की पगार कापला जाई, आणि खाडा लांबला की जागेवर बदली कामगार येई.

या स्थितीला पहिला कायदेशीर छेद मुंबई इलाख्यातच बसला. १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा हा भारतातील त्या प्रकारचा पहिला कायदा होय. त्याच्या विधेयकावर १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात झालेल्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. मातेला प्रसूतीपूर्वी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्या खर्चाचा काही भार शासनानेही उचलावा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. कायद्याने हा भार प्रत्यक्षात मालकावर टाकला. एकट्या मालकावर भार टाकला की त्याला स्त्रियांना कामावर न घेण्याचा मोह होतो. भार सर्वांत विभागणे हाच त्यावरचा उपाय, आणि विम्याचे मूळ तत्त्व तेच आहे. १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही श्रम आयोगानेही आजारपणाच्या विम्याची निकड मांडली होती, पण पुढील दशकभर हा विषय अहवालांतच फिरत राहिला.

मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवण्यात आले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते डॉ. आंबेडकर यांच्याकडे होते. ब्रिटनमध्ये बेव्हरिजचा अहवाल १९४२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला होता. अदारकरांनी ऑगस्ट १९४४ मध्ये अहवाल सादर केला. त्यांची योजना कापड, अभियांत्रिकी आणि खनिजे व धातू या उद्योगगटांपुरती मर्यादित होती. कापड उद्योग तिच्या केंद्रस्थानी असल्याने सोलापूरसारखे गिरणगाव या योजनेच्या कल्पनेत पहिल्यापासून अंतर्भूत होते, असे म्हणता येते.

गिरणी, कायदा आणि वीस माणसांची रेषा

एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा अस्तित्वात आला. मालक व कामगार या दोघांची वर्गणी, वैद्यकीय उपचार, आजारपणातील वेतनाची अंशतः भरपाई, प्रसूती लाभ, कामावरील अपघाताची भरपाई आणि तंट्यांसाठी स्वतंत्र विमा न्यायालय अशी त्याची रचना होती. यातील दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे आजारी कामगाराला औषधाबरोबर पैसाही मिळणार होता. दुसरी म्हणजे तो मिळाला नाही तर कामगार दाद मागू शकत होता.

मात्र याच कायद्याने रेषाही आखली. विजेवर चालणारा आणि वीस किंवा अधिक माणसे असणारा कारखाना तेवढा कायद्याच्या कक्षेत आला. हंगामी कारखाने वगळले गेले. महिन्याला चारशे रुपयांहून अधिक मिळवणारा कामगार वगळला गेला. शिवाय कायदा साऱ्या देशात एकदम लागू होणार नव्हता, तर अधिसूचनेद्वारे एकेका भागात लागू होणार होता. प्रत्यक्ष योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. कानपूरच्या समारंभाला पंतप्रधान पंडित नेहरू उपस्थित होते. महाराष्ट्रात ती १९५४ मध्ये प्रथम नागपूर व मुंबई येथे आली.

कायदा होऊनही योजना नसलेल्या या चार वर्षांत सोलापुरात काय घडत होते, हे पाहणे उद्बोधक आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी गिरणी बंद पडली. गैरव्यवस्थापनामुळे उत्पादन थांबले आणि मोठी बेकारी ओढवली, या कारणास्तव केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला व पुढे त्याचे कायद्यात रूपांतर झाले. या कायद्याला एका भागधारकाने आव्हान दिले आणि डिसेंबर १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'चरणजीतलाल चौधरी' खटल्याचा निकाल दिला. आजही विधी महाविद्यालयांत समानतेच्या अनुच्छेदाची चर्चा या निकालावाचून पुरी होत नाही. भागधारकाच्या मालमत्तेचा हक्क आणि एका कंपनीसाठी वेगळा कायदा करता येतो काय, हे त्यातील वादाचे मुद्दे होते. ज्यांच्या बेकारीचा दाखला देऊन कायदा केला गेला, ते कामगार या खटल्यात पक्षकार नव्हते.

या घटनेतून नोकरीशी बांधलेल्या विम्याचे एक अंगभूत वैगुण्य लक्षात येते. गिरणी चालू असेपर्यंत विमा, गिरणी बंद पडली की वर्गणी बंद आणि वर्गणी बंद झाली की काही काळाने हक्कही बंद. सोलापुरातही राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय उभे राहिले व अनेक कुटुंबांच्या दोन पिढ्यांना त्याचा आधार मिळाला. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरातील गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. कापसाच्या तंतूंमुळे होणारा फुप्फुसांचा आजार कायद्याच्या अनुसूचीत व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेला आहे, परंतु हा आजार बळावण्यास वर्षे लागतात, आणि तोवर कामगाराचे नाव पटावर असेलच असे नाही.

गिरण्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. यंत्रमागाचे स्वरूप मुळातच विखुरलेले आहे. एका आवारात थोडे माग, एका नावावर थोडी माणसे, आणि मजुरी बहुधा नगावर. कायद्यातील संख्येची अट पुढे शिथिल होत गेली. १९८९ च्या दुरुस्तीने ती वीज वापरणाऱ्या कारखान्यांसाठी दहावर आली व २०१० च्या दुरुस्तीने वीज असो वा नसो, सर्वच कारखान्यांसाठी दहा झाली. वेतनमर्यादाही वाढत जाऊन जानेवारी २०१७ पासून एकवीस हजार रुपये झाली. तथापि रेषा खाली सरकली तरी ती रेषाच राहिली. संख्येवर बेतलेला कायदा संख्या कमी दाखवण्याचे कारण पुरवतो, हा श्रम कायद्यांचा सार्वत्रिक अनुभव आहे आणि लहान कारखान्यांच्या शहरात तो अधिक जाणवतो.

दुकान, शिंपी आणि विडी : 'कामगार' कोण?

१९४८ हेच वर्ष मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याचेही आहे. त्याने नवी पेठेतील नोकराला कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि रजा दिली, आजारपणाचा विमा दिला नाही. कर्मचारी राज्य विमा कायदा दुकानांना लागू करण्याची तरतूद होती व ती वापरलीही गेली, पण महाराष्ट्रात दुकानांसाठी ही रेषा दीर्घकाळ वीस कामगारांवर राहिली. वीस नोकर असणारी दुकाने नवी पेठेत किती असतील, याची कल्पना पेठेतून एक फेरी मारणाऱ्यास सहज येईल. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने तर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून मोकळे करून केवळ माहिती देण्याचे बंधन ठेवले. व्यापाऱ्याची कटकट कमी झाली हे खरेच, परंतु सात-आठ नोकरांच्या दुकानात उभा राहणारा विक्रेता या कायद्याच्या नजरेतूनही दूर गेला.

न्यायालयांनी मात्र काही प्रसंगी उदार दृष्टी ठेवली. कापडाच्या बाजारपेठेस सर्वांत जवळचा निकाल १९७३ मधील 'सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस' खटल्याचा आहे. नगावर काम करणारे, येण्याजाण्याची फारशी बंधने नसलेले शिंपी हे दुकानाचे नोकर होत काय, असा प्रश्न होता. कापड दुकानाचे, यंत्र दुकानाचे आणि काम नापसंत करण्याचा अधिकार दुकानदाराचा, म्हणून ते नोकरच होत, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. १९७८ मध्ये 'रॉयल टॉकीज' खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी चित्रपटगृहाच्या उपाहारगृहात व सायकल तळावर ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनाही कर्मचारी राज्य विम्याच्या कक्षेत घेतले. १९९१ मध्ये मात्र कलकत्ता इलेक्ट्रिक सप्लाय खटल्यात बहुमताने वेगळी दिशा धरली. मुख्य मालकाची देखरेख सिद्ध होत नसेल तर ठेकेदाराचे कामगार त्याचे कर्मचारी ठरत नाहीत, असे बहुमताने म्हटले. न्या. रामस्वामी यांनी भिन्नमत नोंदवून आरोग्याचा हक्क हा मूलभूत हक्काचा भाग मानला. देखरेखीची ही कसोटी बाहेर काम वाटून देण्याच्या पद्धतीस लावली तर घरी कांड्या भरणाऱ्या स्त्रीचे काय होईल, हे निराळे सांगावयास नको.

विडी कामगार स्त्रियांचा मार्ग वेगळा होता. सोलापुरात हजारो स्त्रिया पाने व तंबाखू घरी नेऊन विड्या वळतात. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानले, तो १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला, आणि १९८५ मध्ये घरखाती विडी कामगारांना भविष्य निर्वाह निधीही लागू असल्याचा निर्णय झाला. १९७६ च्या कल्याण निधी कायद्याने विडीवरील उपकरातून दवाखाने व अन्य सोयींची व्यवस्था केली. येथे विमा नव्हता, पण खर्चासाठी राखून ठेवलेला पैसा होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताना हा उपकर रद्द झाला. दवाखाने राहिले, परंतु त्यांचा खर्च आता अर्थसंकल्पातील तरतुदीवर अवलंबून आहे. कररचनेच्या सुसूत्रीकरणात एका कामगारवर्गाचा हक्काचा झरा आटला, आणि त्याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

कायद्याकडून योजनेकडे

डिसेंबर २००८ मध्ये असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायदा संमत झाला. शीर्षक भव्य होते. प्रत्यक्षात केंद्र शासनाने वेळोवेळी योमय योजना आखाव्यात, एवढेच त्याने सांगितले आणि चालू योजनांची यादी अनुसूचीत जोडली. त्या यादीत त्याच वर्षी सुरू झालेली, कुटुंबास वर्षाला तीस हजार रुपयांचे संरक्षण देणारी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना होती, तशीच हातमाग विणकरांची कल्याण योजनाही होती. अनुसूची अधिसूचनेने बदलता येत होती. अशा प्रकारे कायद्याच्या पोटात योजना आली, पण योजनेला कायद्याचे बळ आले नाही.

महाराष्ट्रात निर्णायक बदल झाला तो राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने. १९९७ पासून चालत आलेल्या जीवनदायी योजनेचे हे विस्तारित रूप होते आणि तिचा आराखडा आंध्र प्रदेशातील २००७ च्या आरोग्यश्री योजनेच्या धर्तीवर होता. २ जुलै २०१२ रोजी ती ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होते. अन्य जिल्हे म्हणजे मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, धुळे, नांदेड, अमरावती आणि गडचिरोली. पिवळी वा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांपर्यंतचे, रोकडविरहित उपचार मिळू लागले. ९७२ शस्त्रक्रिया व उपचारांची यादी ठरली. राष्ट्रीय विमा कंपनीला शासन कुटुंबामागे ३३३ रुपये व कर इतका हप्ता देत होते. कुटुंबाला काहीच भरावे लागत नव्हते. नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर गेली.

या योजनेचे मोठेपण आकड्यांपेक्षा तिच्या पात्रतेच्या कसोटीत आहे. कारखान्यात किती माणसे आहेत, मालक कोण, मजुरी नगावर की महिन्यावर, हे प्रश्न तिने विचारलेच नाहीत. शिधापत्रिका पुरेशी होती. चौसष्ट वर्षे 'कामगार कोण' या वादात अडकलेली कांड्या भरणारी स्त्री प्रथमच थेट रुग्णालयाच्या खिडकीशी आरोग्यमित्रासमोर उभी राहू शकली. सहकारी रुग्णालयांची परंपरा असलेल्या सोलापुरात शस्त्रक्रियेची सोय होती, आता तिच्या खर्चाचीही झाली. १९४८ च्या कायद्याचे गुणगान करताना हे विसरता कामा नये.

पुढील टप्पे वेगाने आले. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत योजना सुरू झाली व १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना राज्यात एकत्रित राबवल्या जाऊ लागल्या. करोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, राज्यातील सर्व नागरिकांना तात्पुरते सामावून घेण्यात आले. शिधापत्रिकेच्या रंगाची रेषा प्रथम पुसली गेली ती या संकटात. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती कायमची पुसण्याचे ठरले आणि पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण सर्व शिधापत्रिकाधारकांना देण्याचा मार्ग मोकळा झाला. पांढरी शिधापत्रिका असलेला नवी पेठेतील लहान दुकानदारही आता आत आला. तोवर त्याला १९८६ पासून उपलब्ध असलेल्या मेडिक्लेमसारख्या खाजगी पॉलिसीखेरीज दुसरा आधार नव्हता, आणि तिचा हप्ता वयाबरोबर वाढत जातो.

हे सारे शासन निर्णयाने घडले, विधिमंडळाच्या अधिनियमाने नव्हे. यादीत कोणता उपचार राहील, कोणता जाईल, दर काय असतील, हे प्रशासन ठरवते. नाकारल्या गेलेल्या रुग्णाला तक्रारीची यंत्रणा आहे, पण १९४८ च्या कायद्यातील विमा न्यायालयासारखे स्थान नाही. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा स्वतंत्र कायदा केला, महाराष्ट्राने तसा केलेला नाही. दुसरे असे की योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्याची आहे. मधुमेहाची रोजची गोळी, ताप, खोकला हा खर्च खिशातूनच होतो. आणि तिसरी, कदाचित सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बुडालेली मजुरी. कर्मचारी राज्य विम्यात पात्र कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के आजारपण लाभ मिळतो, क्षयासारख्या दीर्घ आजारात त्याहून अधिक काळ व अधिक दराने मिळतो. नगावर विणणाऱ्याची शस्त्रक्रिया फुले योजनेतून विनामूल्य होईल, परंतु त्यानंतर घरी पडून राहण्याच्या सहा आठवड्यांत चूल कशी पेटायची, याला योजनेत उत्तर नाही.

याबाबतीत अमेरिकेचे उदाहरण तुलनेस घेण्याजोगे आहे. तेथील मार्च २०१० च्या कायद्याने पन्नास वा अधिक पूर्णवेळ कामगार असलेल्या मालकांवर विमा देण्याचे बंधन घातले, म्हणजे रेषा तेथेही होतीच. परंतु रेषेखालच्या माणसाला उत्पन्नानुसार अनुदान घेऊन स्वतः विमा घेण्याची बाजारपेठ त्याच कायद्याने उभारली, आणि आधीच्या आजाराचे कारण सांगून विमा नाकारण्यास मनाई केली. २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गरिबांसाठीच्या विस्ताराचा भाग राज्यांच्या मर्जीवर गेला, ही त्याची उणीव. तरी रेषेबाहेरच्यांची तरतूद तेथे कायद्याच्या मजकुरातच आहे.

२०२० ची संहिता आणि नवी पेठेतील दुकान

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आणि २००८ चा असंघटित कामगार कायदा हे दोन्ही तिच्यात विलीन झाले. आस्थापनेसाठी दहा कामगारांची रेषा कायम आहे. धोकादायक कामाच्या बाबतीत मात्र एका कामगारालाही विमा लागू करता येतो. असंघटित कामगारांना कर्मचारी राज्य विम्याचे लाभ देण्याची योजना केंद्र शासन करू शकेल, असेही एक कलम आहे. 'करील' आणि 'करू शकेल' यांतील फरक सोलापूरच्या कामगाराने यापूर्वीही अनुभवलेला आहे.

याच संहितेत आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. दहापेक्षा कमी कामगार असले तरी मालक आणि बहुसंख्य कामगार यांची संमती असेल तर आस्थापना स्वेच्छेने या विम्यात सामील होऊ शकते. नवी पेठेतील सहा नोकरांच्या कापड दुकानाला हा मार्ग खुला आहे. जुलै २०१९ मध्ये ठरलेल्या दराने मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगाराची ०.७५ टक्के. महिना बारा हजार रुपये मिळवणाऱ्या विक्रेत्यासाठी दुकानदाराला ३९० रुपये आणि विक्रेत्याला ९० रुपये भरावे लागतील. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी जमा झाली की पुढच्या लाभ काळात तो आजारी पडला तर औषधाबरोबर मजुरीचाही काही भाग त्याला मागता येईल.